तीस कसले?

स्कूटरच्या मागच्या चाकात हवा भरताना पंक्चरवाला विचारतो, "किती?" मी म्हणतो, "तीस." कसले तीस, हे तो विचारत नाही, मीही सांगत नाही. दर चौरस इंचाला तीस पाउंड, हे दोघांनाही ठाऊक असते.

१ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. शेर, मण, रत्तल बाजारातून गेले. पाउंड मात्र चाकात राहिला. वजन बदलता येते. दाबाची तबकडी यंत्रावर पक्की बसवलेली असते. यंत्र टिकते तोवर तिचे आकडेही टिकतात.

१९४७ साली आलेल्या 'डब्ल्यूपी' वाफेच्या इंजिनाचा बॉयलर २१० पाउंड दाबाचा होता. नव्या हिशेबाने तो दर चौरस सेंटिमीटरला पावणेपंधरा किलो. जुन्या तबकडीवर नजर तयार झालेल्या माणसाला 'पंधरा' हा आकडा गार बॉयलरचा वाटेल. प्रत्यक्षात बॉयलर काठोकाठ तापलेला असेल!

१६४८ मध्ये ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या डोंगरावर नेली. वर पारा उतरला. हवेला वजन आहे हे दिसले. १९७१ साली दाबाच्या एककाला पास्कलचे नाव मिळाले. एक पाउंड म्हणजे ६.८९५ किलोपास्कल, माझे तीस म्हणजे सुमारे २०७.

मी कविता लिहितो. कवितेत एखादा शब्द अध्याहृत ठेवला तर गोडी वाढते. मापात एकक अध्याहृत ठेवले, तर जिवावर बेतू शकते.