रोकेया सखावत हुसेन
रोकेया सखावत हुसेन (१८८०–१९३२) : बंगालमधील मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी आणि लेखिका. जन्म रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद येथे, जमीनदार घराण्यात. मुलींनी बंगाली-इंग्रजी शिकणे घरात मान्य नव्हते. थोरले बंधू इब्राहिम साबेर यांनी घर निजल्यावर रात्री त्यांना शिकवले. पती सखावत हुसेन यांनी मुलींच्या शाळेसाठी १०,००० रुपये बाजूला ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये रोकेयांनी भागलपूरला शाळा काढली आणि १९११ मध्ये ती कोलकात्यात ८ विद्यार्थिनींनिशी नव्याने सुरू केली. घरोघरी जाऊन त्या पालकांची मने वळवत, पडदा पाळण्याची हमी देत. शाळेची मोटार इतकी बंदिस्त होती, की मुली गुदमरून बेशुद्ध पडत. कापडी पडदे लावले, तेव्हा ते वाऱ्याने उडतात म्हणून निषेधाची पत्रे आली. १९१६ मध्ये त्यांनी ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ ही संघटना स्थापून गरीब स्त्रियांना शिक्षण व आर्थिक मदत मिळवून दिली. ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) या इंग्रजी कथेत स्त्रिया राज्य चालवतात आणि पुरुष घरात राहतात; ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात पडद्यापायी झालेल्या हालांचे प्रसंग आहेत. ९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन बांगलादेशात ‘रोकेया दिन’ म्हणून पाळला जातो.