सरोवराचा काठ, घरांची विक्री आणि नौकांचा हिवाळा : विस्कॉन्सिनमधील जिनीव्हा सरोवराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

जलाशयाच्या काठावरील जमीन ही इतर जमिनीप्रमाणे केवळ क्षेत्रफळाने मोजली जात नाही. तिचे मोल काठाच्या लांबीवर, पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या सोयीवर आणि समोरील देखाव्यावर ठरते. यांपैकी पाणी आणि देखावा या दोन गोष्टी मात्र विकणाऱ्याच्या मालकीच्या नसतात. या विसंगतीतून काठावरील मालकी आणि सार्वजनिक हक्क यांच्यात जो संघर्ष निर्माण होतो, त्याचा शोध प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील जिनीव्हा सरोवराच्या आधारे घेतला आहे. काठावरील घरांची खरेदी-विक्री आणि हिवाळ्यापूर्वी नौकांची करावी लागणारी व्यवस्था हे दोन विषय वरवर पाहता भिन्न वाटतात. तथापि या सरोवराच्या इतिहासात ते परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

१. काठाचे हस्तांतर

शिकागोच्या वायव्येस सुमारे १२० ते १३० किलोमीटरवर असलेल्या या सरोवराची निर्मिती हिमनदीच्या क्रियेतून झाली. त्याच्या काठाची लांबी सुमारे ३४ किलोमीटर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे पोटावाटोमी या मूळ रहिवाशांच्या वसाहती होत्या. त्यांचा प्रमुख गोऱ्यांमध्ये 'बिग फूट' या नावाने ओळखला जाई आणि सरोवरासही त्याचेच नाव होते. १८३३ च्या शिकागो तहान्वये पोटावाटोमी व त्यांच्या सहयोगी जमातींनी मिशिगन सरोवराच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेश सोडून दिला. १८३६ मध्ये बिग फूटच्या लोकांना हा काठ कायमचा सोडावा लागला. त्याच सुमारास एका सरकारी मोजणीदाराने न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा या गावावरून सरोवराला नवे नाव दिले. या काठाचे पहिले हस्तांतर हे असे विस्थापनाच्या स्वरूपाचे होते. पुढील सर्व खरेदीखतांचा पाया तेथे घातला गेला, याचे विस्मरण होता कामा नये.

दुसरे मोठे स्थित्यंतर १८७१ मध्ये घडले. त्या वर्षाच्या उन्हाळ्यात रेल्वे सरोवरापर्यंत आली आणि ऑक्टोबरमध्ये शिकागो शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. शहराची पुनर्बांधणी चालू असता अनेक श्रीमंत कुटुंबांनी सरोवरकाठी आश्रय घेतला आणि पुढे तेथेच उन्हाळी प्रासाद उभारले. मद्यनिर्माते कॉनराड साइप यांनी १८८८ मध्ये बांधलेले 'ब्लॅक पॉइंट' हे त्यांपैकी एक होय. त्यांच्या वंशजांनी ते पुढे राज्याच्या स्वाधीन केले आणि आज ते संग्रहालय आहे. मात्र अशी उदाहरणे विरळाच. बहुतेक जुन्या मिळकतींची विभागणी होऊन त्या तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या.

२. हिवाळ्याची तयारी

या उन्हाळी वसाहतीचे जीवन नौकांवर अवलंबून होते. १८७४ मध्ये जनरल शेरिडन यांच्या सन्मानार्थ शिडाच्या नौकांची शर्यत झाली आणि त्याच वेळी येथील नौकानयन मंडळाचा पाया घातला गेला. परंतु हिवाळा येताच या प्रदेशात नौका पाण्यात ठेवणे अशक्य होते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि या प्रसरणाच्या दाबापुढे लाकूड, लोखंड वा दगड यांपैकी काहीच टिकत नाही. सरकणाऱ्या बर्फाने धक्क्यांचे खांब उखडले जातात. म्हणून या सरोवरावरील लाकडी धक्के दर शरद ऋतूत सुटे करून काठावर रचले जातात व वसंतात पुन्हा उभारले जातात.

लाकडी नौका काठावर ओढून, कण्याला ठिकठिकाणी आधार देऊन, तळाची गुडदी काढून ठेवावी लागे. कोरड्या हवेत फळ्या आकसत, सांधे उघडे पडत. वसंतात ते पुन्हा बुजवून रंग दिल्यावर नौका पाण्यात सोडली तरी फळ्या फुगेपर्यंत ती थोडेफार पाणी घेई. विसाव्या शतकात यंत्रचलित नौका आल्या तेव्हा लाकडाच्या काळजीत यंत्राच्या काळजीची भर पडली. यंत्र थंड ठेवण्यासाठी सरोवराचेच पाणी त्यात खेळवले जाते. त्यातील थोडे जरी आत राहिले तरी गोठून ओतीव लोखंडाला तडा जातो. यास्तव पाण्याचा पूर्ण निचरा करून गोठणरोधक द्रव भरणे, तेल बदलणे, इंधन खराब होऊ नये म्हणून त्यात टिकाऊपणा आणणारे द्रव्य मिसळणे, सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा देणे, बॅटरी काढून ठेवणे आणि शेवटी नौका झाकणे असा क्रम रूढ झाला. महायुद्धोत्तर काळात फायबरग्लासच्या नौकांनी लाकडाची चिंता दूर केली, यंत्राची चिंता मात्र कायम राहिली. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारण्याची रीत आहे आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात जातात. ऋतू वेगळा असला तरी पाण्यापुढे माघार घेण्याचे हे शहाणपण एकच आहे.

येथे एक सामाजिक बाब लक्षणीय ठरते. घरमालक शिकागोला परतल्यावर नौका ओढणारे, धक्के सोडवणारे आणि गोठलेल्या सरोवरातून बर्फाच्या लाद्या कापून रेल्वेने शहराला पाठवणारे हात स्थानिकांचे होते. काठाची मालकी उन्हाळी माणसांकडे आणि काठाचे ज्ञान बारमाही माणसांकडे अशी ही विभागणी होती.

३. पाणी कोणाचे, वाट कोणाची?

नौगम्य जलमार्ग सर्वांसाठी मुक्त राहतील, हे तत्त्व १७८७ च्या वायव्य प्रदेशविषयक अध्यादेशात आणि १८४८ च्या विस्कॉन्सिन राज्यघटनेत नमूद आहे. नैसर्गिक सरोवराचा तळ तेथे राज्याच्या मालकीचा असून राज्य तो जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळते. म्हणजे काठावरील घर विकत घेणारा समोरचे पाणी विकत घेत नाही. या तत्त्वाला व्यापक बळ मिळाले ते शिकागोच्याच काठाच्या वादातून. इलिनॉय विधिमंडळाने १८६९ मध्ये मिशिगन सरोवराचा तळ एका रेल्वे कंपनीला दिला आणि १८७३ मध्ये तो निर्णय रद्द केला. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द करणे वैध ठरवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या बियास नदीकाठच्या प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारताना याच निवाड्याचा आधार घेतला.

पाण्याप्रमाणेच येथील पायवाटही महत्त्वाची आहे. मूळ रहिवाशांच्या वाटेवरून पडलेली आणि पुढे प्रासादांतील माळी व नोकर यांनी तुडवलेली ही वाट आजही खासगी अंगणांतून सरोवराला पूर्ण वळसा घालते. प्रत्येक मालक आपल्या हद्दीतील वाट आपल्या पद्धतीने राखतो. कोठे विटा, कोठे खडी, तर कोठे साधी मातीच असते. मराठी वाचकास 'वहिवाट' ही संकल्पना अपरिचित नाही. शेतरस्त्यांच्या अडवणुकीविषयी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आपल्याकडे आजही आधारभूत आहे. वाट कागदापेक्षा पावलांनी टिकते, हा त्यामागील अनुभव जिनीव्हाच्या काठीही प्रत्ययास येतो.

४. यर्कीज वेधशाळेचे प्रकरण

याच सरोवराकाठी विल्यम्स बे येथे शिकागो विद्यापीठाची यर्कीज वेधशाळा १८९७ मध्ये सुरू झाली. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ मध्ये तेथे रुजू झाले आणि त्यांच्या कार्याचा प्रदीर्घ काळ या गावात गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या दुर्बिणी अन्यत्र उभ्या राहिल्या आणि वेधशाळेचे शास्त्रीय महत्त्व घटले. तिच्या काठाचे बाजारमूल्य मात्र वाढतच गेले. २००६ मध्ये विद्यापीठाने तेथील जमीन विश्रामस्थान व आलिशान घरे उभारणाऱ्या एका विकसकास विकण्याची योजना जाहीर केली. ग्रामस्थांनी त्यास विरोध केला आणि २००७ च्या आरंभी ती योजना बारगळली. २०१८ मध्ये विद्यापीठाने तेथील काम थांबवले आणि २०२० मध्ये वास्तू व जमीन एका लोकहितार्थ न्यासाकडे सुपूर्द झाली. विरोध करणाऱ्यांकडे मालकी नव्हती. त्यांच्याकडे होता तो दीर्घ सहवास. तरीही तो निर्णायक ठरला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, काठावरील मालकी ही सदैव अपुरी मालकी असते. पाण्यावर राज्याचा विश्वस्त या नात्याने अधिकार आहे, वाटेवर चालणाऱ्यांचा हक्क आहे आणि वर्षातील काही महिने बर्फाची सत्ता आहे. दर शरदात उचलले जाणारे धक्के हेच दर्शवतात की काठावरील बांधणी तात्पुरती आहे. मात्र सार्वजनिक हक्क धक्क्यांसारखे दर वसंतात आपोआप परत उभे राहत नाहीत. पोटावाटोमींचा हक्क एकदा गेला तो परत आला नाही. धरणांच्या जलाशयांकाठी सरोवरदर्शनाच्या जाहिरातींसह घरे विकली जाण्याचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला आहे. बुडालेल्या गावांच्या वाटा आणि नव्या काठावरील वाटा यांचा विचार येथे व्हावयाचा असेल, तर तो विक्रीखत होण्यापूर्वीच व्हावयास हवा.