वेलीआडून ऐकलेलं प्रेम

संध्याकाळच्या धीम्या कल्याण लोकलमध्ये शेजारी बसलेली मुलगी फोनवर हळू आवाजात कुणाला तरी मनातलं सांगत असते. आपण काय करतो? मुंब्र्याचा डोंगर जणू आजच पहिल्यांदा दिसतोय, असे खिडकीबाहेर बघत बसतो. चोरून ऐकलेलं नसतं, कानावर पडलेलं असतं. तरी अवघडायला होतंच. आज आपण या अवघडलेपणाचाच इतिहास बघणार आहोत, आणि त्यासाठी कालिदासाच्या ‘शाकुंतला’कडे जाणार आहोत.

तिसरा अंक आठवून बघा. मालिनी नदीच्या काठचा लतामंडप. शकुंतला फुलं अंथरलेल्या शिळेवर पडली आहे, अनसूया आणि प्रियंवदा तिला वारा घालताहेत. ‘तुला नेमकं काय होतंय?’ असं त्या खोदून खोदून विचारतात. शेवटी ती राजाचं नाव घेते. मग कमळाच्या पानावर नखाने पत्र कोरते आणि मैत्रिणींना वाचून दाखवते. दुष्यंत हे सगळं आडोशाला उभा राहून ऐकतो आणि पत्र वाचून होताच पुढे येतो. तो अवघडत नाही. लाजायचं काम एकट्या शकुंतलेकडे.

हाच प्रसंग महाभारताच्या आदिपर्वात शोधला तर सापडत नाही. तिथे कुणी कुणाचं चोरून ऐकत नाही. राजा आश्रमात येतो, सरळ मागणी घालतो, आणि शकुंतला तितक्याच सरळपणे अट घालते, की माझा मुलगा युवराज झाला पाहिजे. तो कबूल करतो, मगच ती होकार देते. कालिदासाने लतामंडप रचला, प्रसंग फार देखणा झाला. पण त्यात तिची अट गेली. तिच्या मनातलं राजाला आधीच कळलेलं असल्यावर ती वाटाघाट कशाच्या जोरावर करणार? ती काळजी अनसूयेला करावी लागते. राजांना राण्या पुष्कळ असतात, आमच्या मैत्रिणीसाठी तिच्या माणसांना रडायची वेळ आणू नका, असं ती राजाला सांगते. राजा शब्द देतो. मग हरणाच्या पाडसाला आईकडे पोचवायचं निमित्त काढून दोघी निघून जातात.

आता मराठी रंगभूमीकडे येऊ. परशुरामपंत गोडबोल्यांनी ‘शाकुंतल’ आधीच मराठीत आणलं होतं. कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पुस्तक एकट्याने वाचता येतं, लाज वाटली तर पान उलटता येतं. नाटकाचं तसं नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा ती प्रेमाची कबुली सगळ्यांनी एकत्र बसून ऐकली. शेजारी ओळखीचे, पुढे वडीलधारे. रंगमंचावरची शकुंतला अर्थातच पुरुष नट. बालगंधर्वांनीही १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत पदार्पण केलं ते शकुंतला म्हणूनच. स्त्रीने मनातलं प्रेम बोलून दाखवायचं, पण ते बोलायला खरी स्त्री नको, अशी ती सोय होती.

त्या पहिल्या रात्री पहिले चारच अंक झाले. म्हणजे कबुली झाली, सासरची पाठवणीही झाली. पाचवा अंक मात्र त्या रात्री झाला नाही. आणि खरी किंमत मोजावी लागते ती पाचव्या अंकात. भर दरबारात राजा म्हणतो, मी हिला ओळखत नाही. अंगठी हरवलेली. दुर्वासाचा शाप आहे, हे आपल्याला ठाऊक. तिला ठाऊक नाही. ज्याने तिचा शब्द न् शब्द आडून ऐकला, तोच विसरला. उलट, घाईघाईने एकांतात प्रेम केल्याबद्दल बोल लागतो तो तिलाच.

हे नुसतं नाटकातलं राहत नाही. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं तान्हं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या वागण्यावर टीकेची झोड उठली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. त्यांचा रोख साधारण असा, की एका चुकीत दोघं असतात, मग जाब एकटीलाच का? ‘शाकुंतल’ गाजत होतं ती हीच वर्षं. टाळ्या वाजवणारा समाज आणि बोल लावणारा समाज काही वेगळे नव्हते.

शेवटचा मुद्दा. राजाने शब्द दिला तेव्हा समोर दोन साक्षीदार होत्या, अनसूया आणि प्रियंवदा. शापाचीही माहिती त्या दोघींनाच. मग त्या दरबारात का नाहीत? चौथ्या अंकात कण्व सांगतात, की यांचीही लग्नं व्हायची आहेत, यांनी तिथे जाणं बरं दिसणार नाही. ‘बरं दिसणार नाही’ हे शब्द आपल्या घरांतही रोजचेच आहेत. तेवढ्यावर दोन्ही साक्षीदार घरी राहिल्या आणि शकुंतला दरबारात खोटी ठरली.

तेव्हा कानावर पडलेल्या गोष्टीने अवघडून आपण खिडकीबाहेर बघतो, ते ठीकच आहे. तो सभ्यपणा आहे. पण उद्या तीच मुलगी खोटी पडायची वेळ आली, तर आपण काही ऐकलंच नव्हतं असं म्हणायचं का, हा प्रश्न कालिदासाने आपल्या हातात ठेवला आहे.