ब्रोमॉइलचा कागद

ब्रोमॉइल पद्धतीत छायाचित्रातली चांदी काढून टाकतात आणि तिच्या जागी कुंचल्याने तेलकट शाई चढवतात. शाई कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हे कागदावरचा जिलेटिनचा थर ठरवतो. त्यामुळे या कलेचा इतिहास बऱ्याच अंशी तिच्या कागदाचा इतिहास आहे.

डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर प्रकाश पडला की ते कडक होते आणि पाणी कमी पिते, या गुणाचा छपाईसाठी उपयोग आल्फाँस प्वातव्हँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८५५ मध्ये केला. त्याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये जी. ई. एच. रॉलिन्सने १९०४ मध्ये तैलछाप पुढे आणला. त्यात मोठी अडचण होती. असा थर प्रकाशाला फार मंद असल्याने निगेटिव्ह कागदाला चिकटवूनच छाप घ्यावा लागे, म्हणजे चित्र जेवढे हवे तेवढीच मोठी निगेटिव्ह लागे. १९०७ मध्ये ई. जे. वॉल याने सुचवले की, बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाइड कागदावर आधी मोठे केलेले चित्र घ्यावे आणि मग रसायनाने त्यातली चांदी घालवून जिलेटिन कडक करावे. सी. वेलबोर्न पायपरने त्याच वर्षी ही कल्पना प्रत्यक्षात उतरवली. आता छोट्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरूनही मोठा शाईछाप निघू लागला.

मात्र वाटेल तो ब्रोमाइड कागद चालत नसे. जिलेटिनचा थर जाड आणि मऊ हवा, कारखान्यातच तो जास्त कडक केलेला नको. खालचा कागदही दणकट लागे. भिजलेल्या अवस्थेत त्याला कुंचल्याचे हजारो ठोके सोसायचे असत. चकचकीत पृष्ठभागापेक्षा मंद, किंचित खरखरीत पृष्ठभाग बरा मानत. सर्वांत जास्त त्रास व्हायचा तो वरच्या संरक्षक थराचा. हाताळताना ओरखडे उठू नयेत म्हणून कारखानदार कागदावर जिलेटिनचा आणखी एक पातळ, कडक पापुद्रा देत. नेहमीच्या छपाईला तो सोयीचा होता, पण ब्रोमॉइलमध्ये तोच शाई आणि चित्र यांच्या मध्ये येई. म्हणून हा पापुद्रा नसलेला कागद शोधणे हे या कलावंतांचे कायमचे काम झाले.

कागद मिळाला की मूळ छाप काळजीने करावा लागे. व्हिएन्नाच्या एमिल मायर या छायाचित्रकाराने या टप्प्यावर फार भर दिला. ब्रोमॉइलवरील त्याच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९२३ मध्ये बोस्टनहून निघाला. छाप सौम्य हवा, उजळ भागांतही तपशील हवा आणि गडद भाग काळेभोर होऊन मिटलेले नकोत. चारी बाजूंनी पांढरी कड राखत. डेव्हलपर म्हणून अमिडॉल पसंत केले जाई, कारण ते जिलेटिनला कडक करत नाही; पायरो करते, म्हणून ते टाळत. चित्र पक्के करणारे द्रावण, म्हणजे हायपोही साधाच, त्यात तुरटीसारखे काही मिसळायचे नाही. जिलेटिन कुठे कडक व्हायचे हे पुढच्या द्रावणाने ठरवायचे असते, आधीच्या कोणत्याही पायरीने नाही. हा नियम मोडला की छाप सगळीकडे सारखीच शाई धरतो आणि चित्र हाती लागत नाही.

पुढचे द्रावण मोरचूद, पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांचे. जिथे चांदी जास्त तिथे क्रोमियम जिलेटिनला जास्त कडक करते. कातडे कमावताना क्रोम हेच काम करते. काळे चित्र फिकट होत जाते आणि जवळजवळ पुसल्यासारखे दिसते. मग पुन्हा हायपो, भरपूर धुणे आणि पूर्ण वाळवणे. वाळवण्यात घाई केली तर थर नाजूक राहतो आणि कुंचल्याखाली सोलून येऊ शकतो.

वाळलेला कागद नंतर कोमट पाण्यात भिजवतात. पाणी किती गरम हवे हे त्या कागदाच्या जिलेटिनवर ठरते. साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस. उजळ भाग पाणी पिऊन फुगतात, गडद भाग खालीच राहतात. कागद उजेडासमोर तिरपा धरला की चित्राचा उठाव डोळ्यांना दिसतो. वरचे पाणी कापडाने टिपून घट्ट शाई तिरक्या कापलेल्या कुंचल्याने ठोकत चढवतात: ओल्या उजळ भागांवरून ती मागे हटते, गडद भागांत बसते. बेल्जियमचा छायाचित्रकार लेओनार मिझोन याच्या चित्रांतील धुकट रस्त्यांचे मऊपण जिलेटिनच्या या थराशिवाय शक्य नव्हते. ज्यांना जिलेटिनचा पृष्ठभाग नको असे, ते ओली शाई दाबयंत्रातून साध्या चित्रकलेच्या कागदावर उतरवत.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीची चाहत ओसरली आणि तिला साजेसे कागदही कमी झाले. १९७० च्या दशकापासून प्लास्टिकचे अस्तर असलेले कागद सर्वत्र आले. त्यांचा पातळ, कडक थर ब्रोमॉइलला निरुपयोगी ठरला. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ब्रोमॉइल सर्कलच्या सभासदांनी आणि इतर मोजक्या कारागिरांनी कला जिवंत ठेवली. पुढे चेक प्रजासत्ताकातील फोमा कंपनीने खास ब्रोमॉइलसाठी कागद बाजारात आणला, तर काहींनी जिलेटिन घरीच ओतून आपला कागद स्वतः तयार करण्याची वाट धरली.