चित्त्याची टोपी आणि घरातली मांजर

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड म्हणजे पटवर्धनांचे संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालेले. अशा गावच्या जुन्या वाड्यांत उंदरांच्या निमित्ताने आलेली मांजर कायमची घरची होऊन जाते. मांडीवर घुरघुरणारी हीच मांजर एखाद्या संध्याकाळी मालकाच्या हाताला कडकडून चावते. घरचे म्हणतात, 'पिसाळली!' बहुतेक वेळा ती पिसाळलेली नसते. मग काय झालेले असते?

याचे उत्तर शेजारच्या कोल्हापूर दरबारातील एका लुप्त झालेल्या पेशाला ठाऊक होते. तो पेशा म्हणजे चित्तेवानाचा.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४-१९२२) आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळातही कोल्हापुरास काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. हिंदुस्थानातला चित्ता दुर्मीळ झाला, तसे ते आफ्रिकेतून आणावे लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्ता माणसाळे, पण पाळीव होत नसे. पिंजऱ्यात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. अकबराकडे हजारापर्यंत चित्ते होते, तरी पिल्ले झाल्याचा एकच प्रसंग जहांगीराने आठवणींत नोंदवला आहे, तोही एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला म्हणून! त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातूनच धरलेला असे आणि प्रत्येकाची शिकवणी पहिल्यापासून करावी लागे.

धरलेल्या चित्त्याला खाटेला बांधत, डोळ्यांवर कातडी टोपी चढवत, आणि बायका-मुले त्याच्याजवळ बसून तासन्‌तास बोलत राहत. माणसांचा गलबला त्याच्या अंगवळणी पडावा, एवढाच हेतू. पुढे त्याला बाजारातूनही फिरवत.

खरी कसोटी शिकारीच्या वेळी लागे. बैलगाडीतून कळपाजवळ गेल्यावर टोपी काढली जाई. काही क्षणांत चित्ता काळविटाचा गळा धरून बसलेला असे. आता त्याला सोडवायचे कसे? तो माणसावर क्वचितच जाणारा, मार्जारकुळातल्या मोठ्या जनावरांत सर्वांत सौम्य. तरीही त्या क्षणी त्याच्या तोंडातून भक्ष्य ओढणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. चित्तेवान शिकारीचे रक्त लाकडी पळीत धरून त्याच्या तोंडाशी नेई. चित्ता ते चाटू लागला की गळ्यावरची पकड सुटे, आणि तेवढ्यात टोपी पुन्हा डोळ्यांवर चढे. मारझोड नाही, आरडाओरड नाही.

या कृतीत मार्जारकुळाच्या स्वभावाची मोठी जाण आहे. एकदा चेतलेले जनावर हुकमाने शांत होत नाही. त्याच्या डोळ्यांपुढचे कारण हटवावे लागते, तोंडाला दुसरे काही द्यावे लागते, आणि वेळ जाऊ द्यावा लागतो.

घरच्या मांजरीचेही तेच. खिडकीबाहेर परका बोका दिसतो; त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही; आणि नेमक्या त्या वेळी पाठीवरून हात फिरवणारा माणूस तडाख्यात सापडतो. राग बोक्यावरचा, चावा मालकाला. हा ताप कधी तासन्‌तास टिकतो. अशा वेळी तिला उचलू नये. पडदा ओढावा, खोली अंधारी करून तिला एकटे सोडावे. चित्तेवानाच्या टोपीचे काम पडदा करतो.

अर्थात दरवेळी बोकाच कारणीभूत नसतो. दुखरा दात, सांधा किंवा आतली जखमही शांत मांजरीला चावरी करते. तिथे पशुवैद्यच हवा. आणि क्वचित ती खरोखरच पिसाळलेली असते. म्हणून चाव्याची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लशीविषयी विचारावे. १८८५ मध्ये पाश्चरने लस देईपर्यंत हा रोग म्हणजे मरणच होते. हिंदुस्थानात तिच्यासाठी पहिली संस्था १९०० मध्ये निघाली, तीही हिमालयात, कसौलीला. कृष्णाकाठच्या माणसाला ते अंतर केवढे वाटले असेल!

१९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याआधीच संस्थाने गेली होती, आणि चित्तेवानांना कामही उरले नव्हते.