तेल, ताप आणि गिअरबॉक्स

बैल गाडीच्या पुढे जुंपतात. मोटारीत मात्र पुष्कळ वर्षे इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना दिली जाई आणि ती गाडीला पुढे ढकलीत. ही उलटी रीत मोडून पुढच्या चाकांनीच गाडी ओढावी, अशी इच्छा यंत्रज्ञांच्या मनात फार पूर्वीपासून होती. तिच्या जोडीला दुसरीही एक इच्छा होती. चढ लागला की खालचा गिअर, सपाटी आली की वरचा, हे काम चालकाच्या हातापायांकडून काढून घेऊन यंत्राकडेच सोपवावे, ही ती इच्छा. या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या गाड्यांत साधल्या. परंतु एकाच झाकणाखाली त्या दोहोंनी एकत्र नांदावे आणि वर्षानुवर्षे टिकावे, यासाठी मात्र मोठी किंमत मोजावी लागली.

हा संसार मांडण्याचे धाडस पॅरिसचे कारखानदार आंद्रे सित्रोएन यांनी केले. १९३४ च्या वसंत ऋतूत त्यांनी जगापुढे ठेवलेल्या ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ या गाडीच्या नावाचाच अर्थ पुढच्या चाकांनी ओढणारी असा होतो. तिच्यासाठी त्यांनी दिमित्री सॉन्सो द लाव्हो या कल्पक संशोधकाचा स्वयंचलित गिअरबॉक्स निवडला होता. याच संशोधकाने १९१० साली ब्राझीलमध्ये स्वतः बांधलेले विमान उडवून दाखविले होते. त्याच्या गिअरबॉक्समध्ये दंतचक्रांची अदलाबदल नव्हती. तेलाच्या प्रवाहानेच शक्ती चाकांकडे जावी, अशी योजना होती. परंतु चाचणीत गाडी चढाला लागली की तेल तापे आणि चाकांना पुरेसे बळ मिळेना. गाडी बाजारात येण्याच्या तोंडावर तो गिअरबॉक्स रद्द करावा लागला, आणि घाईघाईने तीन गिअरांचा साधा गिअरबॉक्स तेथे बसविण्यात आला. नव्या गाडीचा आणि नव्या कारखान्याचा खर्च कंपनीला पेलवला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे दिवाळे निघाले, मिशेलँ या टायर-उत्पादकांनी ती ताब्यात घेतली, आणि १९३५ च्या जुलैत सित्रोएन यांचे निधन झाले. गाडी मात्र १९५७ पर्यंत निघत राहिली.

तेल तापण्याचे कारण त्या यंत्राच्या मुळाशीच आहे. जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी एका जलशक्ती-यंत्राचे पेटंट घेतले. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंखेदार चाकांपैकी एक इंजिन फिरविते. ते आपल्यातील द्रव दुसऱ्या चाकावर फेकते आणि त्या माऱ्याने दुसरे चाक फिरू लागते. दोन चाकांत कोठेही प्रत्यक्ष सांधा नसल्याने गाडी धक्का न बसता सुटते. परंतु मागचे चाक पुढच्याच्या किंचित मागे राहते, आणि या घसरणीत वाया गेलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. वाहतुकीत खोळंबलेली, अथवा ओझे घेऊन घाट चढणारी गाडी म्हणूनच आपले तेल अधिक तापविते.

अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ हा गिअरबॉक्स बाजारात आणला आणि तो लोकप्रिय झाला. दुसऱ्या महायुद्धात हलक्या रणगाड्यांतही तो बसविला गेला. परंतु त्या मोटारी मागच्या चाकांनी चालणाऱ्या होत्या. त्यांचा गिअरबॉक्स गाडीच्या तळाशी लांबट पसरलेला असे आणि खालून वारा त्याला लागे. पुढच्या चाकांच्या गाडीत ही ऐसपैस जागा मिळत नाही. गिअर, क्लचांच्या तबकड्या आणि दोन चाकांना शक्ती वाटून देणारी चक्रे, हे सारे तापलेल्या इंजिनाला खेटून एकाच अरुंद पेटीत दाटीने बसवावे लागते.

या पेटीतील तेलाला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. ते शक्ती वाहून नेते, दाबाने गिअर बदलते, वंगण पुरविते, उष्णता बाहेर नेते, आणि तबकड्यांची पकड नेमकी किती घट्ट व किती सैल असावी, हेही त्याच्याच गुणावर ठरते. १९४९ पासून प्रचारात आलेल्या अशा तेलात त्यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त ठरविल्यानंतर रसायनशास्त्रज्ञांना त्याला पर्याय शोधावा लागला. अमेरिकन कारागिरांचा एक जुना ठोकताळा आहे: सुमारे ८० अंश सेल्सिअसला तेल १,६०,००० किलोमीटर पुरते, त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे शंभरीच्या थोडे पुढे गेले की ते अवघ्या ४०,००० किलोमीटरांवर येते. जळके तेल काळे पडते, रबरी वेढणी कडक होतात, दाब उतरतो, तबकड्या घसरू लागतात. आणि त्या घसरल्या की तेल आणखी तापते.

१९६५ साली या प्रश्नाला दोन विरुद्ध उत्तरे मिळाली. इंग्लंडात छोट्या मिनी गाडीसाठी स्वयंचलित गिअरबॉक्स आला. मिनीचे गिअर इंजिनाच्या तळाशीच असल्याने दोघांचे तेल एकच होते. इंजिनाची काजळी आणि गिअरांची झीज त्याच तेलात फिरे. त्याच सुमारास अमेरिकेत ओल्डस्मोबिलची ‘टोरोनाडो’ अवतरली. तिचे इंजिन सात लिटरांचे, ३८५ अश्वशक्तीचे होते. अभियंत्यांनी गिअरबॉक्सचे दोन भाग करून एक इंजिनाच्या मागे व दुसरा बाजूला ठेवला, आणि दोन इंच रुंदीच्या साखळीने ते जोडले. ही रचना इतकी दणकट निघाली, की १९७३ ते १९७८ या काळात भारासह सुमारे पाच टनांच्या फिरत्या घरांसाठीही तीच वापरण्यात आली.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिका लहान गाड्यांकडे वळली आणि दाटी पुन्हा वाढली. क्रायस्लर कंपनीने १९८९ च्या गाड्यांत चार गिअरांचा, संगणकाने चालणारा ‘अल्ट्राड्राइव्ह’ बसविला. त्याला एका विशिष्ट तेलाचीच गरज होती. परंतु तेल मोजण्याच्या पट्टीवर दुसऱ्या प्रकारच्या तेलालाही मुभा दिलेली होती. ते घातलेल्या गाड्यांत तबकड्या थरथरत व लवकर झिजत. २००४ साली होंडा कंपनीला अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसऱ्या गिअरला पुरेसे तेल पोचत नसल्याने तो तापून तुटण्याचा धोका होता.

भारतात पुढच्या चाकांनी चालणारी गाडी घरोघर पोचविण्याचे श्रेय १९८३ च्या मारुती ८०० कडे जाते. तिचे गिअर हातानेच बदलावे लागत. २०१४ साली सेलेरिओबरोबर जो स्वस्त स्वयंचलित प्रकार आला, त्यात साध्या गिअरबॉक्सलाच यांत्रिक हात जोडलेला आहे. त्यात तेलाच्या पंख्याची घसरण नाही. झीज सोसावी लागते ती क्लचच्या तबकडीला.

तेव्हा असा गिअरबॉक्स किती टिकतो, याला एकच आकडा देता येत नाही. वेळच्या वेळी योग्य तेल मिळालेला, बेताचे ओझे वाहणारा गिअरबॉक्स दोन लाख किलोमीटर सहज ओलांडतो. तोच गिअरबॉक्स जळक्या तेलावर घाट चढू लागला तर एक लाखही गाठीत नाही. ‘तेल आयुष्यभर बदलावे लागणार नाही’ असे आश्वासन अलीकडे काही उत्पादक देतात. त्यात आयुष्य कोणाचे, गाडीचे की हमीपत्राचे, हे खरेदीदाराने विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

सित्रोएन कंपनीने मात्र आपल्या संस्थापकाचा हट्ट सोडला नाही. १९५५ च्या तिच्या ‘डीएस’ गाडीत क्लचचे पायदान नव्हते. गिअर तेलाच्या दाबाने बदलत. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याच गाडीत पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला. तोवर आंद्रे सित्रोएन यांना जाऊन पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.