फुलीच्या टाक्यांत लिहिलेला बंदिवास : मेरी स्टुअर्टचे भरतकाम

१/
फेब्रुवारी १५६९. इंग्लंडमधील टटबरीच्या किल्ल्यात निकोलस व्हाइट नावाचा एक अधिकारी स्कॉटलंडच्या पदच्युत राणीला भेटला. हवा वाईट असते, बाहेर पडता येत नाही, तेव्हा दिवस कसा जातो, असे त्याने विचारले. मेरी स्टुअर्टने उत्तर दिले की दिवसभर सुई चालते. रंगांच्या वैविध्यामुळे काम कंटाळवाणे वाटत नाही. वेदना असह्य झाली की मगच हात थांबतो.

२/
व्हाइटने हा संवाद राणी एलिझाबेथचा मंत्री विल्यम सेसिल याला कळवला, आणि सोबत एक सल्लाही दिला : या स्त्रीला फार थोड्या लोकांनी भेटावे. तिच्या बोलण्यातील मोहिनी त्याला धोकादायक वाटली. तिच्या हातातील सुईत मात्र त्याला धोका दिसला नाही. पुढच्या तीन वर्षांत तिने पाठवलेल्या एका भरीव उशीचा उल्लेख राजद्रोहाच्या चौकशीत होणार होता.

३/
थोडी पार्श्वभूमी. मेरीचा जन्म १५४२ चा. जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत ती स्कॉटलंडची राणी झाली. बालपण फ्रान्सच्या दरबारात गेले. १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी विवाह झाला, १५६० मध्ये वैधव्य आले, १५६१ मध्ये ती स्कॉटलंडला परतली. १५६७ मध्ये सरदारांनी तिला राज्यत्याग करायला लावले. १६ मे १५६८ रोजी ती आश्रयासाठी इंग्लंडला आली आणि एलिझाबेथची कैदी झाली.

४/
भरतकाम तिला बंदिवासाने शिकवले नाही. फ्रेंच दरबारात राजकन्यांच्या शिक्षणाचा तो भागच होता, आणि तिची सासू कॅथरिन द मेदिची या कलेत निपुण मानली जाई. स्कॉटलंडमध्ये राज्यसभेच्या बैठकीतही मेरी हातात शिवणकाम घेऊन बसते, असे इंग्लंडचा दूत टॉमस रँडॉल्फ याने नोंदवले आहे. बंदिवासाने बदलला तो या कामाचा हेतू.

५/
तिचा पहारेकरी होता श्रूसबरीचा अर्ल जॉर्ज टॅल्बट. त्याची पत्नी एलिझाबेथ टॅल्बट इतिहासात ‘बेस ऑफ हार्डविक’ या नावाने प्रसिद्ध आहे. मार्च १५६९ मध्ये अर्लने सेसिलला कळवले की मेरी रोज त्याच्या पत्नीच्या दालनात येते आणि दोघी, इतर स्त्रियांसह, भरतकाम करीत व नवे नमुने योजत बसतात. कैदी आणि पहारेकऱ्याची पत्नी अशा एका कामावर एकत्र आल्या.

६/
या सहकार्यातून जे निर्माण झाले, त्याचा मोठा भाग आज ‘ऑक्सबर्ग हँगिंग्ज’ म्हणून ओळखला जातो : हिरव्या मखमलीचे भव्य पडदे, त्यांवर प्राणी, पक्षी, मासे, वनस्पती आणि बोधचिन्हांचे अनेक भरीव तुकडे जडवलेले. एवढे मोठे आणि बारकाव्यांचे काम हाती घेताना पहिला प्रश्न कलेचा नसतो. तो व्यवहाराचा असतो : कापड कोणते आणि टाका कोणता?

७/
कापड निवडले ते लिननचे, म्हणजे जवसाच्या तंतूंपासून विणलेले कॅनव्हास. त्याची वीण उघडी असते. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे दिसतात आणि मोजता येतात. धाग्यांचा हा चौकोनी आराखडा म्हणजे जणू तयार आलेखकागद. लिनन ताणले तरी सहज सैल पडत नाही, त्यामुळे महिनोन् महिने चौकटीवर राहूनही आराखडा टिकतो.

८/
टाका मुख्यतः फुलीचा, म्हणजे क्रॉस-स्टिच. धाग्यांच्या छेदावर एक तिरका टाका, त्यावर उलट दिशेचा दुसरा. मराठी घरांत मॅटीच्या कापडावर रुमाल किंवा तोरणे भरणाऱ्यांना हे गणित नवे नाही. मॅटीच्या विणीत चौकोन आयते मिळतात. सोळाव्या शतकातील कॅनव्हासवर मात्र प्रत्येक चौकोन डोळ्यांनी धागे मोजून ठरवावा लागे.

९/
फुलीच का? याच कॅनव्हासवर फक्त अर्धा, एकाच दिशेचा तिरका टाका घालण्याची रीतही प्रचलित होती. तिला ‘टेंट स्टिच’ म्हणतात. तिच्यात रेशीम कमी लागते आणि बारीक रेषा चांगली साधते. परंतु सगळे टाके एकाच दिशेने ओढ देत असल्यामुळे कापड हळूहळू तिरके होते. फुलीचे दोन पाय विरुद्ध दिशांनी ओढतात. ताण समतोल राहतो आणि चौकोन चौकोनच राहतो.

१०/
दुसरे कारण : फुली जाड बसते, पार्श्वभूमीसह संपूर्ण कापड झाकते आणि झीज सोसते. तिसरे कारण या प्रकल्पासाठी विशेष मोलाचे होते. मोजणीचे काम कोठेही थांबवता येते, दुसऱ्या हाताकडे सोपवता येते आणि चुकले तर तेवढेच उसवता येते. मेरी, बेस, त्यांच्या सख्या आणि सेविका असे अनेक हात लागूनही तुकडा एकजिनसी दिसतो.

११/
मग थेट मखमलीवरच का भरले नाही? मखमलीला लव असते. त्या लवेत बारीक टाका बुडतो आणि खालचे धागे मोजता येत नाहीत. म्हणून तुकडे वेगळ्या कॅनव्हासवर पूर्ण भरायचे, कापून घ्यायचे आणि मखमलीवर शिवून कडा दोराने झाकायच्या. ऑक्सबर्गच्या पडद्यांवर मध्यभागी चौकोनी तुकडा असून त्याभोवती अष्टकोनी आणि क्रूसाच्या आकाराचे तुकडे आहेत.

१२/
या पद्धतीचा राजकीय अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. मेरीला टटबरी, विंगफील्ड, चॅट्सवर्थ, शेफील्ड अशा अनेक ठिकाणी हलवले जाई. भव्य चौकटीवर ताणलेला पडदा अशा जीवनात पूर्ण होणे कठीण. हातभर कॅनव्हासचा तुकडा मात्र पेटीत मावतो. मोठे काम छोट्या एककांत विभागल्यामुळेच ते बंदिवासात शक्य झाले.

१३/
चित्रे आली छापील ग्रंथांतून. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर याची प्राणी-पक्ष्यांची चित्रे, फ्रान्सच्या पिएर बेलाँचा माशांवरील ग्रंथ आणि क्लोद पारादँ याचा बोधचिन्हांचा संग्रह हे प्रमुख आधार. लाकडी ठशांनी छापलेल्या या चित्रांत ठळक बाह्यरेषा असे. ती कॅनव्हासवर उतरवून आतली जागा रंगीत रेशमाने भरणे सोयीचे होते. छापखान्याने आणलेले नवे ज्ञान अशा रीतीने सुईपर्यंत पोहोचले. अमेरिकेतील टूकन पक्षीही या भरतकामात आहे.

१४/
पण नक्कल करताना मेरी काही बदल करी. एडिनबरोच्या राजवाड्याशी संबंधित राजसंग्रहात आज असलेला मांजराचा तुकडा पाहावा. मूळ चित्र गेस्नरचे. मेरीने मांजर तांबूस केले आणि शेजारी एक उंदीर भरला. मूळ चित्रात तो नाही. एलिझाबेथचे केस तांबूस होते. मांजर म्हणजे एलिझाबेथ आणि उंदीर म्हणजे मेरी, असा अर्थ अभ्यासक लावत आले आहेत.

१५/
डॉल्फिनचा तुकडाही असाच बोलका आहे. फ्रेंच भाषेत डॉल्फिन आणि युवराज यांसाठी एकच शब्द, आणि मेरीचा पहिला पती फ्रान्सचा युवराज होता. फिनिक्स पक्षी हे तिच्या आईचे, मारी द गीझचे, बोधचिन्ह. पत्रांवर नजर असलेल्या स्त्रीने आपला भूतकाळ आणि आपला हक्क प्राणिशास्त्राच्या चित्रांत मांडला. वर तिची राजमुद्रेसारखी आद्याक्षरेही आहेत.

१६/
आता ती उशी. इंग्लंडचा सर्वांत मोठा सरदार, नॉरफोकचा ड्यूक टॉमस हॉवर्ड, याच्याशी मेरीच्या विवाहाची गुप्त बोलणी चालू होती. मेरीने त्याला एक भरीव उशी पाठवली. चित्र असे : आकाशातून उतरलेला हात कोयत्याने द्राक्षवेलीची फांदी छाटतो आहे. लॅटिन बोधवाक्याचा आशय असा की सद्गुण घावाने बहरतो.

१७/
वरवर पाहता हा संयमाचा ख्रिस्ती उपदेश. पण माळी कोणती फांदी छाटतो? वांझ फांदी, म्हणजे फळ देणारीला जोम येतो. एलिझाबेथ अविवाहित आणि निपुत्रिक होती. मेरीला मुलगा होता. १५७१ मध्ये रिडोल्फी कट उघडकीस आला, तेव्हा मेरीचा दूत, रॉसचा बिशप जॉन लेस्ली, याच्या जबानीत या उशीचा उल्लेख आला. नॉरफोकवर जानेवारी १५७२ मध्ये खटला चालला आणि २ जून १५७२ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

१८/
त्याला दोषी ठरवणारे पुरावे अर्थात अनेक होते. एका उशीने कोणाचे डोके गेले नाही. तरीही तपास करणाऱ्यांनी भरतकामाला मजकूर मानले, ही नोंद महत्त्वाची. त्याच बोधचिन्हाचा तुकडा आज ऑक्सबर्गच्या ‘मेरियन’ पडद्याच्या मध्यभागी आहे.

१९/
मेरी कापड आणि टाका प्रसंगानुसार निवडत असे, याचा दुसरा दाखला १५७४ चा. एलिझाबेथची मर्जी संपादन करण्यासाठी तिने फ्रेंच राजदूतामार्फत एक घागरा भेट पाठवला. येथे जाड कॅनव्हास नव्हते. किरमिजी साटीन होते आणि त्यावर रुपेरी जरीची फुले. अंगावर मिरवायच्या वस्त्राला झळाळी आणि लवचीकपणा हवा. भेट स्वीकारली गेली. सुटका मात्र झाली नाही.

२०/
बेसची निवडही पाहण्याजोगी. पडद्यांपैकी एका पडद्याच्या केंद्रस्थानी कळीच्या चुन्यावर पडणारे अश्रू आहेत. विझलेली ज्योत अजून जिवंत असल्याची साक्ष अश्रू देतात, असा बोधवाक्याचा आशय. हा तिच्या दिवंगत पतीचा, विल्यम कॅव्हेंडिशचा शोक. पण चॅट्सवर्थसाठी थोर स्त्रियांची भव्य चित्रे करवताना तिने मोजणीचा टाका सोडला. धर्मसुधारणेनंतर निरुपयोगी ठरलेली चर्चची जरीची आणि मखमली वस्त्रे कापून तिने त्यांचे तुकडे जोडले. तिच्याकडे घर, पैसा आणि कारागीर होते. झटपट भव्यता तिला परवडत होती.

२१/
दोघींचे सख्य टिकले नाही. आपला पती आणि मेरी यांच्याविषयीच्या प्रवादांत बेसचे नाव गोवले गेले, आणि १५८४ मध्ये अर्लकडून मेरीचा ताबा काढून घेण्यात आला. बॅबिंग्टन कटातील पत्रव्यवहार पकडला गेल्यावर ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फोदरिंगहे येथे मेरीचा शिरच्छेद झाला. या वेळी निर्णायक ठरली ती कागदावरची सांकेतिक अक्षरे.

२२/
तुकडे उरले. पुढे ते ससेक्समधील काउड्रे येथून विवाहसंबंधाने नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉलमध्ये आले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचे असून ऑक्सबर्ग येथेच पाहायला मिळतात. काही तुकड्यांवर मेरीची, काहींवर ‘एलिझाबेथ श्रूसबरी’ची आद्याक्षरे आहेत. मोजणीच्या टाक्यात अक्षर काढणे सोपे, म्हणून सही करणेही सोपे.

२३/
‘स्त्रियांचे फावल्या वेळचे काम’ म्हणून इतिहासलेखनाने भरतकाम दीर्घकाळ बाजूला ठेवले. मेरीच्या पत्रांचे अनेक खंड प्रसिद्ध झाले. तिच्या टाक्यांचे गांभीर्याने वाचन फार उशिरा सुरू झाले. पत्रे तिने मंत्र्यांना, राजांना, पोपला लिहिली. वाचणारा कोण, याचे भान प्रत्येक ओळीत आहे. कॅनव्हासवर तिने काय भरायचे, हे बहुतांशी तिनेच ठरवले.

२४/
म्हणून संग्रहालयात जुने भरतकाम समोर आले की चित्राआधी कापड पाहावे. धागे मोजता येतात का? टाका फुलीचा की अर्धा? तुकडा सलग आहे की कापून जोडलेला? करणाऱ्या व्यक्तीजवळ किती जागा, किती पैसा, किती मदत आणि किती स्वातंत्र्य होते, याची उत्तरे बहुधा तेथेच सापडतात.

#इतिहास #वस्त्रेतिहास